खुलासा असमाधानकारक

या जगात आपोआप असं काहीच घडत नाही, जे घडतं ते कोणीतरी कोणाच्या तरी फायद्यासाठी घडवून आणलेलं असतं, यावर माझ्या मावशीच्या यजमानांची जितकी श्रद्धा होती तितकी एखाद्या पुजाऱ्याची आपल्या देवावर नसेल. दुधात पाणी निघालं तर ते समजून घेत, पण दूध दाट निघालं की अस्वस्थ होत. "आज दूध अच्छा क्यों है?" असं ते दूधवाल्याला दारात उभं करून विचारायचे आणि तो बिचारा गोंधळून जायचा, कारण चांगल्या दुधाबद्दल जाब देण्याची त्याच्यावर कधी वेळच आली नव्हती. काका केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात दक्षता विभागात होते. म्हणजे बाकीचे कर्मचारी काही गैर करत नाहीत ना, हे बघण्याचा त्यांना पगार मिळायचा. पण पगार मिळाला नसता तरी त्यांनी ते काम केलं असतं, आणि संध्याकाळी सहानंतर व रविवारी ते फुकट करतच होते. फायलीवर शेरा लिहायची सवय इतकी अंगात मुरली होती की मावशीने भाजीत मीठ जास्त का पडलं हे सांगितलं तरी ते घास चावत म्हणायचे, "खुलासा असमाधानकारक."

मी बार्शीहून दिल्लीला आले ती स्पर्धा परीक्षा द्यायला. लक्ष्मीबाई नगरातल्या त्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायची सोय झाली होती. गाडी पाच तास उशिरा पोचली, तसं मी सांगितलं आणि आंघोळीला गेले. बाहेर आले तर काका स्टेशनच्या चौकशी खिडकीला फोन लावून गाडीची वेळ पडताळून घेत होते. फोन ठेवून ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "तुझं म्हणणं जुळतंय. पोहे घे." त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. ते मला 'परीक्षार्थी' म्हणायचे, आणि मी पुढे तीनदा नापास होऊन शेवटी एका खात्यात अनुवादक म्हणून चिकटले तरी ती पदवी काही गेली नाही.

त्यांची बघण्याची एक तऱ्हा होती. डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघणं त्यांना माहीतच नव्हतं. बाजूने कोणी बोललं की आधी मान वळायची, मग खांदा, मग अख्खे काका वळायचे आणि त्या माणसासमोर सरळ उभे राहून त्याच्याकडे रोखून बघायचे. साधा "नमस्कार" घालणाऱ्या माणसालाही आपल्या हातून काहीतरी घडलंय असं वाटू लागायचं. कॉलनीच्या गणेशोत्सवात मी त्यांची नक्कल करायचे. मान, खांदा, पोट आणि मग नजर. मंडपात हशा पिकायचा, आणि तो हशा कोणत्या कारणाने पिकला हे शोधायला काका पुन्हा अख्खेच्या अख्खे वळायचे. घरातल्या दारांवरही त्यांचा राग होता. येता-जाता त्यांचा खांदा चौकटीला घासायचा. त्यांचं म्हणणं असं की ठेकेदाराने प्रत्येक दार चार बोटं अरुंद करून लाकूड खाल्लं. त्यांनी एकदा टेप लावून मापही घेतलं. माप बरोबर निघालं, तेव्हा ते टेपकडे बराच वेळ बघत राहिले.

दिवसही असे होते की संशय घेणाऱ्याला उसंत मिळू नये. रोज काहीतरी नवं दिल्लीत येत होतं. हरियाणाच्या बाजूला, जिथे थंडीत मोहरीची शेतं पिवळी व्हायची, तिथे निळ्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. आजवर दुकानदार ओळख द्यायला तयार नसत, आता अनोळखी लोक फोन करून प्रेमाने बोलायला लागले होते. एका मुलीने फोनवर काकांना कळवलं की क्रेडिट कार्डासाठी त्यांची निवड झाली आहे. काकांनी तिला शांतपणे विचारलं, "निवड समिति में कौन कौन था?" मग ते तिच्याशी वीस मिनिटं बोलले, आणि शेवटी फोन तिनेच ठेवला. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडायचं म्हणून त्यांनी गुडगावच्या एका सोसायटीत फ्लॅट नोंदवला होता. दर रविवारी ते बस धरून तिथे जात, अर्धवट इमारतीसमोर उभे राहत आणि मागच्या रविवारपेक्षा ती जास्त वर गेली असेल तर म्हणत, "इतकी घाई कशाची आहे यांना?"

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, तोवर मावशीचे डोळे बिघडले. मावशी पहाडगंजला एका मराठी शाळेत शिकवायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आधी तिला वहीतल्या रेघा दिसेनाशा झाल्या, मग अक्षरं. तिची नोकरीची दोन वर्षं राहिली होती आणि शाळेला काही कळू नये अशी तिची इच्छा होती, म्हणून मी दुपारी गुपचूप तिच्या वह्या तपासून द्यायला लागले. आठवड्याभरात काकांनी वह्यांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. "मंगळवारपासून बरोबरच्या खुणेची शेपटी लांब झाली आहे," ते म्हणाले. मी कबूल केलं. त्यांनी गठ्ठा परत माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "शेपटी आखूड कर. मुलं हुशार असतात."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की ऑपरेशन करून लेन्स बसवून घ्या, लांबवाल तितकं ते अवघड होईल. पण काकांना डॉक्टर नावाच्या माणसावर भरवसा नव्हता. "माझ्या लहानपणी डॉक्टर सांगायचे, मोतीबिंदू पिकू द्या. आता सांगतात, पिकू देऊ नका. मधल्या काळात मोतीबिंदू बदलला की धंदा बदलला?" असं ते विचारायचे. मावशी एकदाच मला म्हणाली की त्यांच्या आईचं ऑपरेशन गावाकडच्या शिबिरात झालं होतं. तिथल्या डॉक्टरांनी काकांच्या पाठीवर थाप मारून 'काही काळजी करू नका' असं सांगितलं होतं आणि तो डोळा पुढे उघडला नाही. काका तेव्हा शाळेत होते. हे त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही. त्यांनी फक्त तारखा लांबवल्या. थंडी संपू दे, उन्हाळा संपू दे, परीक्षार्थीची परीक्षा होऊ दे. मावशी चहात साखर हाताने चाचपून टाकायला लागली, आणि शेवटी एक दिवस जिन्यावर पायरी चुकून बसली. लागलं नाही, पण त्यानंतर ती शाळेत जाताना माझा दंड धरायला लागली.

त्याच सुमारास गुडगावला एक नवं डोळ्यांचं हॉस्पिटल उघडलं होतं, आणि तिथल्या एक मोठ्या डॉक्टरबाई संशोधन करत होत्या. तरुण डॉक्टर आणि नर्सेसना पेशंटशी बोलायला शिकवलं, तर पेशंटची देखभाल खरंच सुधारते का, हे त्यांना बघायचं होतं. शिकवण्यासाठी त्यांना खोटे पेशंट हवे होते. धडधाकट प्रौढ माणसांनी यायचं, दिलेल्या कागदाप्रमाणे दुखणं सांगायचं, शिकाऊ डॉक्टर त्यांच्याशी बोलणार आणि मग त्या माणसांनी त्याच्या बोलण्याला गुण द्यायचे. तपासायचं काही नाही, नुसतं बोलायचं. गुडगावच्या त्या सोसायटीच्या फलकावर ही सूचना लागली होती. काकांनी ती तीनदा वाचली. रुग्णालय स्वतःहून खोटे पेशंट बोलावतं आणि ते उघडपणे फलकावर लावतं, याचा अर्थ आत काहीतरी फारच मोठं शिजत असणार, असा निष्कर्ष काढून त्यांनी अर्ज केला. तोंडाने ते म्हणाले, "आत शिरून बघतो." पण मला खात्री आहे, त्यांच्या मनात दुसरंच होतं. त्यांना मावशीसाठी डॉक्टर निवडायचा होता, आणि बेसावध डॉक्टर बघायला मिळण्याची याहून चांगली जागा नव्हती.

त्यांना मिळालेल्या कागदावर लिहिलं होतं: पासष्ट वर्षांचे गृहस्थ, मोतीबिंदू, ऑपरेशनची भीती. काकांनी कागद वाचून बाईंकडे लेखी हरकत नोंदवली. या गृहस्थांना दोन मुलगे असल्याचं दाखवलं आहे, मग सोबत एकही का आलेला नाही? हे गृहस्थ शिंपी आहेत, मग वर्षभर सुईत दोरा कोण ओवत होतं? बाई मोठ्या मनाच्या होत्या. त्यांनी काकांनाच कागद सुधारायला सांगितला. चार पानांचा शिंपी तयार झाला. त्याला रेशन कार्ड होतं, सुनेशी अबोला होता आणि दोरा ओवून देणारा एक शेजारी होता. दर शनिवारी काका जुना सदरा घालून, बोटात शिंप्याचं अंगुस्तान अडकवून गुडगावला जायचे. ज्या माणसाने आयुष्यभर खोटं पकडलं तो इतकं उत्तम खोटं बोलेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. एका शिकाऊ डॉक्टरने तर हा खोटा पेशंट आहे हे विसरून बाहेर पडताना त्यांना विचारलं की अंकल, सदऱ्याचं माप कधी द्यायला येऊ.

गुण देण्याच्या कागदावर साधे रकाने होते. डॉक्टर बसून बोलला का, नाव विचारलं का, बोलताना तुमच्याकडे बघितलं का. काकांनी शेवटी पट्टीने आणखी एक रकाना आखला होता: सत्य बोलला का. त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा. सगळं बोलणं झालं की शिंपी घाबऱ्या आवाजात विचारायचा, "डॉक्टर साब, ऑपरेशन बिगड़ गया तो?" आणि समोरचा तरुण हसून म्हणायचा, "अरे अंकल, बिल्कुल टेन्शन मत लीजिए." तिथेच तो नापास. पावसाळा आला आणि गेला. शनिवारी संध्याकाळी काका घरी आले की मावशी आवाजाच्या दिशेने तोंड करून विचारायची, "अहो, सापडला का कोणी?" आणि ते चप्पल काढत म्हणायचे, "खुलासा असमाधानकारक." मला त्यांचा फार राग यायचा. एकदा मी म्हणालेही, "काका, तुम्ही डॉक्टर शोधताय की न शोधायचं कारण?" त्यांनी मान वळवली, खांदा वळवला, आणि मी समोर आल्यावर चप्पल जागेवर ठेवायला निघून गेले.

मग रोहतककडची एक मुलगी आली. नुकतीच डॉक्टर झालेली, ठसठशीत, आणि बोलणं असं की विटा रचते आहे असं वाटावं. शिंप्याने आपला प्रश्न विचारला. ती हसली नाही. म्हणाली, "बिगड़ सकता है. कम बिगड़ता है, पर बिगड़ता है." शिंप्याने विचारलं, "किस वजह से?" ती म्हणाली, "पूरा मुझे नहीं पता, अंकल. पूछ के बताऊँगी." काकांनी मला नंतर सांगितलं की नोकरीत त्यांच्यासमोर शेकडो माणसं खुलासा द्यायला बसली, पण 'मला माहीत नाही' असं एकानेही म्हटलं नव्हतं. तरी त्यांनी लगेच विश्वास ठेवला नाही. पुढच्या शनिवारी ती येते का ते बघितलं. ती आली. वहीच्या पानावर ऑपरेशन बिघडायची पाच कारणं लिहून घेऊन, आणि प्रत्येकापुढे त्यावर काय करतात तेही लिहून. त्या दिवशी अंगुस्तान काढून टेबलावर ठेवत शिंपी म्हणाला, "बेटी, तुम्हारी माँ की आँख हो, तो किससे कराओगी?" तिला कळलं असणार की हा प्रश्न कागदावरचा नाही. तिने बाहेरच्या मोठ्या फलकावर ज्यांचा फोटो होता त्यांचं नाव घेतलं नाही. पहिल्या मजल्यावर बसणाऱ्या एका अबोल डॉक्टरांचं नाव सांगितलं. "वो समझाते कम हैं, पर हाथ अच्छा है. समझाने मैं आ जाऊँगी."

दिवाळीनंतर मावशीचा पहिला डोळा झाला. ऑपरेशनच्या वेळी आत ती मुलगी मावशीचा हात धरून उभी होती, ही काकांची अट होती. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. मावशीने आधी काकांकडे बघितलं, बराच वेळ, आणि म्हणाली, "अहो, किती वाळलात तुम्ही." मग घरी आल्यावर तिची नजर सगळीकडे फिरली आणि तिने विचारलं की पडदे केव्हापासून इतके मळके आहेत. काकांनी तिला लगेच खिडकीतून समोरच्या क्वार्टरची नावाची पाटी वाचायला लावली. ती बरोबर वाचली. मग मला बाहेर पाठवून, ती पाटी तिला पाठ नव्हती ना याची खात्री म्हणून एका कागदावर मोठ्या अक्षरात काहीतरी लिहून मला रस्त्यावरून धरायला लावलं. मावशीने तेही वाचलं. मी वळून कागदावर काय लिहिलंय ते बघितलं, तर तिथे मावशीचं माहेरचं नाव होतं. त्या दिवशी काकांनी कसलाच शेरा दिला नाही.

इथेच हे संपायला हवं होतं. पण दुसऱ्या डोळ्याच्या वेळी ती रोहतकची मुलगी काकांना म्हणाली, "अंकल, आप भी एक बार आँखें दिखा दीजिए. चाय की ट्रे को आपका हाथ लगता है, हर बार बाएँ से." काका त्या संध्याकाळी विजयी मुद्रेने घरी आले. "सापडली," ते म्हणाले. "मी म्हणतच होतो की यांची चाल अजून हाती कशी लागली नाही. आधी बायकोचे डोळे, मग नवऱ्याचे, मग परीक्षार्थीचे. घरात गिऱ्हाईक वाढवायची ही रीत आहे." त्यांना वाचायला चष्म्याने स्वच्छ दिसत होतं, समोरची माशी दिसत होती, दुखत काही नव्हतं. मावशी म्हणाली, दाखवून यायला काय हरकत आहे. मी मात्र हसले. ते मला सांगायलाच हवं. मी म्हणाले, "काका, तुम्हाला न दिसणारं काही असेल असं मला नाही वाटत," आणि तेही खूश होऊन हसले. त्यानंतर त्यांनी शनिवारी जाणं बंद केलं. कामही झालं होतं आणि संशयही खरा ठरला होता.

तो काचबिंदू होता. तो बाजूंनी खात येतो, समोरचं शेवटपर्यंत स्वच्छ ठेवतो. आम्ही गुडगावच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्यावर दोन-तीन वर्षांनी, रस्ता ओलांडताना बाजूने आलेली रिक्षा त्यांना दिसलीच नाही, तेव्हा ते कळलं. मोडलं काही नाही, पण तपासणी झाली. ते मान वळवून, खांदा वळवून बघत होते ते संशयाने नव्हे, निदान नुसत्या संशयाने नव्हे. बाजूचं त्यांना दिसतच नव्हतं. दारं अरुंद नव्हती. शंभर शिकाऊ डॉक्टर त्यांच्यासमोर बसून गेले, पण हा पेशंट खोटा आहे हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे त्याच्याकडे कोणी बघितलं नाही. एकीने बघितलं, आणि तिच्यावर आम्ही हसलो. मंडपात मी केलेली ती नक्कल मला अजून आठवते आणि अजून लाज वाटते.

ती मुलगी त्याच हॉस्पिटलात होती, आता पुरती डॉक्टर. तिने काकांना नावाने हाक मारून खुर्चीवर बसवलं, आपली खुर्ची त्यांच्या बरोबर समोर ओढली, बाजूला नाही. काकांनी विचारलं, "जो गया, वापस आएगा?" ती म्हणाली, "नहीं अंकल. जो है उसे बचाने की कोशिश करेंगे. कितना बचेगा, मुझे नहीं पता." मी 'आधी आलो असतो तर' असं काहीतरी बोलायला लागले, तर काकांनी हात वर करून मला थांबवलं. घरी येताना रिक्षात ते म्हणाले, "बसून बोलली. नावाने बोलली. बघून बोलली." थोड्या वेळाने म्हणाले, "शेवटच्या रकान्यातही पूर्ण गुण." मला रडू आलं, आणि मी त्यांच्या बाजूला बसले होते म्हणून ते त्यांना दिसलं नाही.

आता समोरचंही फारसं राहिलेलं नाही. रोज सकाळी दहाव्या मजल्याच्या बाल्कनीत मावशी त्यांना पेपर वाचून दाखवते, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, वर्गात धडा वाचावा तशा खणखणीत आवाजात. पहिले काही महिने काका मधेच थांबवून विचारायचे, "खरंच असं लिहिलंय?" हल्ली विचारत नाहीत. गेल्या रविवारी मी गेले होते तेव्हा मावशी वाचत होती की अमुक खात्यातला एक बडा अधिकारी अखेर सापडला, आणि एका साध्या चौकशी अधिकाऱ्याच्या चिकाटीने सापडला. काका समाधानाने मान हलवत होते. मावशी चहा ठेवायला आत गेली तेव्हा मी पेपर उचलला. ती बातमी कुठल्याच पानावर नव्हती. तिथे कुठल्याशा नव्या मॉलची जाहिरात होती.

मी पेपरची हळूच परत घडी करायला लागले. पण पानांचा आवाज झाला असणार. काका माझ्या दिशेने वळले, आधी मान, मग खांदा, मग सगळे, आणि हळू आवाजात म्हणाले, "परीक्षार्थी, ठेव तो पेपर. ही मधेमधे मनचं घालते, मला माहीत आहे. कालसुद्धा घातलं." स्वयंपाकघरात कपांचा आवाज आला तसे ते पुन्हा सरळ बसले आणि म्हणाले, "मी चौकशी लावलेली नाही."